ऑनलाइन कंपनीला गाडी विकली, त्याचा सगळा हिशेब

अॅपवर गाडीचा नंबर टाकला की मॉडेल, साल, इंधन आपोआप येतं. मग किलोमीटर विचारतात, मालक कितवा ते विचारतात आणि लगेच आकडा दाखवतात. माझ्या २०१७ च्या पेट्रोल स्विफ्टला तीन लाख नव्वद ते चार लाख तीस हजार दाखवले. हा आकडा घरात कुणाला सांगू नये, कारण तो हातात पडत नाही. आपण तपासणीची वेळ ठरवावी एवढ्यासाठीच तो दाखवलेला असतो.

त्याआधी ओळखीत विकायचा प्रयत्न करून झाला होता. रोज एकजण फोन करायचा, 'फायनल किती होईल?' विचारायचा, आणि गाडी न बघताच पन्नास हजार कमी करायचा. शेवटी पुण्यात सातारा रोडवरच्या एका डीलरकडून साडेतीन लाखांचा तोंडी भाव घेऊन ठेवला. हा भाव पुढे फार कामाला आला.

तपासायला आलेला मुलगा पंचविशीचा. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवून बघितला, इंजिन गार आहे ना म्हणून. आधीच चालू करून ठेवलं असेल तर सकाळची खडखड लपते. मग त्याने सॅकमधून रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. छतावर ११०, बॉनेटवर १०५, आणि डाव्या मागच्या दारावर ३४०. 'मॅडम, इथे पुट्टी आहे.' होतीच. रिक्षा घासून गेली होती, तेव्हा डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. तसं मी सांगितलंही, पण सांगितलं काय आणि न सांगितलं काय, यंत्राला त्याचा पत्ता लागलाच होता.

डिकीतलं कार्पेट उचलून त्याने स्टेपनीखालचा पत्रा बघितला, वेल्डिंगचे ठिपके मूळचे आहेत का ते. टायरवरचे चार आकडे वाचले: २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाशी चिखलाची रेघ शोधली आणि विचारलं, '२०१९ च्या सप्टेंबरात गाडी कुठे होती?' मी सहकारनगरची. आंबिल ओढ्याला पूर आला त्या रात्रीबद्दल तो विचारत होता, हे लगेच कळलं. गाडी तेव्हा नाशिकला दिराकडे होती. त्याने मान डोलावली आणि सर्व्हिसच्या नोंदीत पाण्याचं काही काम निघालेलं नाही ना, हेही बघून घेतलं. मला त्या पोराचं कौतुकच वाटलं. किंमत पाडणारा माणूस तो नव्हे, तो नंतर फोनवर येतो.

फोटो आणि अहवाल चढला की गावोगावचे डीलर त्यावर बोली लावतात. थोड्या वेळाने फोन आला: सर्वांत वरची बोली तीन अडतीस, आणि ती अर्ध्या तासात संपणार. मी सांगितलं, सातारा रोडवर साडेतीन मिळताहेत, राहू दे. संध्याकाळी तीच 'संपलेली' बोली तीन पंचावन्नवर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वरच्या साहेबांचा फोन, आणि तीन बासष्टला ठरलं. तेव्हाच विचारलं, यातून काय काय कापणार? सेवाशुल्क होतं, ते थोडं कमी करून घेतलं. आणि आरसीवरून (गाडीच्या नोंदणीपत्रावरून) बँकेचं नाव निघेपर्यंत पंचवीस हजार राखून ठेवणार होते.

बँकेचं असं, की कर्ज केव्हाच फिटलेलं, पण आरसीवर हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या तारणाची नोंद, तशीच. कपाटातली एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) चालेना, कारण तिची मुदत तीन महिन्यांची. बँकेत जाऊन नवी एनओसी आणि ती नोंद काढायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणला. शाखेतल्या बाईंनी, 'गाडी विकताय का? सगळे तेव्हाच येतात,' म्हणत काम पटकन केलं. घाटातलं वेगमर्यादेचं एक जुनं ई-चलान होतं, ते भरून टाकलं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायला त्यांचा माणूस घरी आला. खरेदीदाराची जागा कोरी होती. तिथे काय लिहायचं ते लिहा, मग सही, एवढंच मी म्हटलं. त्याने कुठेतरी फोन केला आणि कंपनीचं नाव घातलं.

एवढा आग्रह का, तर अपघात झाला की कायदा आरसीवरचं नाव बघतो. गाडी तीन हात पुढे गेली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात सांगितलंय. यावर उपाय म्हणून १ एप्रिल २०२३ पासून नवा नियम आला. आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेल्या डीलरला गाडी दिली की फॉर्म २९ सी, म्हणजे गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर भरायचा. त्याची पोच निघाली की पुढची जबाबदारी डीलरची. गाडी न्यायला आलेल्या मुलाला २९ सी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. 'होईल मॅडम, बॅकएंडला होतं ते.' मग मी ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरही लिहून घेतले, ओडोमीटरचा फोटो काढला आणि बाकीचे पैसे खात्यात दिसल्यावरच चावी दिली. त्याच बसल्या जागी बँकेच्या अॅपवर फास्टॅग बंद केला. नाहीतर खेड शिवापूरला टोल ते भरणार आणि पैसे माझे जाणार.

आणि झालंच. गाडी गेल्यावर दोनच दिवसांनी माझ्या मोबाइलवर चलान: नगर रोड, नो पार्किंग. कंपनीत जो फोन उचलायचा तो तिकीट नंबर द्यायचा आणि प्रश्न पुढच्याकडे ढकलायचा. मी वैतागून वेळ लिहिलेली पावती ईमेलने पाठवली आणि खाली एक ओळ लिहिली: २९ सी ची पोच द्या, नाहीतर हीच पावती जोडून आरटीओत अर्ज करते. पोच संध्याकाळपर्यंत आली. तिच्यावरची तारीख चलानाच्या नंतरची होती, म्हणजे तोवर भरलंच नव्हतं! चलान त्यांनी भरलं, न कुरकुरता.

विम्याचं मात्र त्यांच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. माझा ५० टक्क्यांवर पोचला होता. पावती आणि फॉर्म २९ ची प्रत विमा कंपनीला पाठवून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घेतलं. ते तीन वर्षं चालतं. पुढची गाडी घेतली की ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात सरळ निम्मी सूट.

राखून ठेवलेले पंचवीस हजार बँकेचं नाव निघाल्यावर आले, पण मी आठवण केल्यावर. मालकाचं नाव बदलायला त्याहून बराच वेळ लागला. मधे-मधे सरकारच्या एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून बघत होते. गाडी आता सोलापूरच्या कुणाच्या तरी नावावर आहे.