ढालीतलं आरपार भोक

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. पंपांचे शाफ्ट, बुश, इम्पेलर हे रोजचं काम. त्यात एका कॉलेजच्या मुलांचं ड्रॉइंग आलं: अंतराळयानाच्या अणुइंजिनाच्या ढालीचं मॉडेल. एका टोकाला अणुभट्टी, दुसऱ्याला पंप आणि द्रव हायड्रोजनची टाकी, मधे भट्टीतून सुटणारे न्यूट्रॉन अडवणारी शंकूसारखी ढाल. अंतराळात खरी ढाल लिथियम हायड्राइडची करतात. १९६५ साली अमेरिकेने अणुभट्टी कक्षेत सोडली, तिलाही तीच होती. आमच्या वाट्याला बोरॉन कार्बाइडची भुकटी मिसळलेलं पॉलिथिन.

हे मटेरियल छळतं. भुकटी इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या टूलच्या टोकाची, धार खाते, लांबलचक चिप जॉबला गुंडाळते, आणि तापलं की स्टीलच्या दहापट फुगतं. गरम जॉबला व्हर्निअर लावलात तर माप खोटंच येणार. रफिंग करून रात्रभर ठेवायचं, फिनिश कट सकाळी. घाईच्या पोरांना हे पटत नाही.

अडलो ते भोकापाशी. केबलसाठी मधोमध सरळ, आरपार. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकाने तो वळत नाही. हायड्रोजनच्या अणूंवर आपटून मंदावतो, मग बोरॉन त्याला गिळतो. भोकात आपटायला आहे काय? सुटलेला न्यूट्रॉन पलीकडच्या धातूतले अणू जागचे हलवतो, धातू ठिसूळ होतो.

कॉलेजच्या पोराला फोन केला. "काका, ड्रॉइंग सरांनी अप्रूव्ह केलंय, तसंच करा."

टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी तफावत, सगळे तपासले होते, न्यूट्रॉनची वाट कुणीच नाही. स्क्रीनवर पार्ट जुळला की डिझाइन झालं, हे दुखणं कॉलेजांतूनच येतं.

पोराला शॉपवर बोलावलं. उरलेल्या तुकड्यात तेच भोक मारून टॉर्च लावला, उजेड थेट त्याच्या शर्टावर पडला. मग कॅव्हिटेशनने, म्हणजे द्रवातले बुडबुडे फुटून, चाळण झालेला भंगारातला इम्पेलर हातात दिला. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांनाच उकळतो. न्यूट्रॉनने तो पंपाआधीच तापला, तर बुडबुडे होणार आणि पंपाचीही अशीच गत व्हायची भीती. पोरगं बराच वेळ ती भोकं बोटाने चाचपत होतं.

ढाल आता दोन तुकड्यांत केली. भोकं एकमेकांपासून सरकवली, जोडावर आडवा गाळा, जोडालाही पायरी.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. टाकीतला हायड्रोजन स्वतःच न्यूट्रॉन अडवतो, पण इंजिन चालेल तशी टाकी रिकामी होत जाते. म्हणजे शेवटच्या मिनिटांत आडोसा सगळ्यात कमी. नव्या ड्रॉइंगच्या हिशोबातही टाकी भरलेलीच धरलीय. सोमवारी त्याला पुन्हा बोलावलंय, सरांना घेऊन ये म्हटलंय.