कुंपणाखालचा खड्डा आणि नागपूरची काळी माती

कुत्रा कुंपणाखाली उकरू लागला की बहुतेक घरांत आधी खड्डा बुजवला जातो, त्यावर एखादा दगड ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी शेजारीच नवा खड्डा दिसला की कुत्र्यावर आरडाओरडा होतो. कुत्र्याला मात्र तासाभरापूर्वीच्या उकरण्याचा आणि आताच्या रागावण्याचा संबंध लावता येत नाही. तो केवळ बिचकतो आणि पुढच्या वेळी आपली पाठ फिरण्याची वाट पाहतो. म्हणून खड्डा बुजवण्याआधी तो नेमका कुठे आहे हे पाहावे, असे माझे मत आहे.

आमचा भुऱ्या गावठी आहे आणि नागपूरच्या बेसा भागातील आमच्या अंगणाला चेनलिंकचे कुंपण आहे. एप्रिल लागला की त्याचे उकरणे सुरू होते, तेही ठरलेल्या जागी: कूलरच्या टाकीतून सांडणारे पाणी मेंदीच्या ओळीखाली जिथे मुरते, तिथेच. दोन्ही पुढच्या पायांनी तो माती मागच्या पायांमधून भिंतीपर्यंत उडवतो, मध्येच थांबून नाक खुपसतो आणि ओल लागली की उकरणे सोडून पोट टेकून पसरतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, त्याची भिस्त मुख्यतः धापा टाकण्यावर असते. तेव्हा पारा ४५ अंशांपाशी गेला असताना, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तर अजून यायचाच असताना, त्याने गार माती शोधणे अगदी साहजिक आहे. खड्डा कुंपणाखालून पलीकडे निघाला हा योगायोग होता, कारण ओल तिकडे पसरली होती. कूलरचे पाणी नळीने आंब्याच्या बुंध्याशी नेले, तिथल्या सावलीत थोडी वाळू टाकून ती संध्याकाळी भिजवू लागलो आणि सुरुवातीला त्या वाळूत दोन-चार बिस्किटे पुरून ठेवली. उकरायचे असेल तर आता तो तिकडे जातो.

उकरण्याची कारणे अर्थात इतरही असतात. पावसाळ्यात घुशींच्या बिळांचा वास, दिवाळीत फटाक्यांची भीती, नसबंदी न झालेल्या नराला बाहेरच्या मादीची ओढ आणि दिवसभर एकटे बांधून ठेवल्याने येणारा कंटाळा यांवर वाळूचा उपयोग नाही. शेवटच्या कारणावर भल्या पहाटे, डांबर तापण्याआधी, लांब फेरी मारून आणण्याइतका चांगला इलाज मला माहीत नाही.

तरीही कुंपणाचा पाया पक्का करावाच लागतो आणि इथे आपली काळी माती आडवी येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते, त्यामुळे कुंपणाच्या कडेने ओतलेली सिमेंटची पातळ पट्टी सहसा तडकते. त्यापेक्षा गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, जोड वेल्ड केलेल्या तारांची जाळी बरी, कारण ती मातीबरोबर थोडीफार हलू शकते. दोन फूट रुंदीची पट्टी मधोमध काटकोनात वाकवून एक फूट भाग कुंपणाला तारेने बांधावा आणि उरलेला एक फूट अंगणाच्या बाजूला आडवा पसरून दोन-तीन इंच मातीखाली दाबावा. कुत्रा कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतो, तिथे पंजाला जाळी लागते, आणि फूटभर मागे सरकून उकरावे हे सहसा त्याला सुचत नाही. बाहेरची कुत्री आत शिरत असतील तर आडवा भाग बाहेरच्या बाजूला ठेवावा. जाळीची कापलेली टोके खाली वळवायला विसरू नये, नाहीतर पंजे फाटतात. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी मात्र या कामाला टिकत नाही. हे काम दिवाळीच्या सुमारास, जमिनीला वापसा आल्यावर, म्हणजे ती ना चिखल ना टणक अशी असताना, काढावे, कारण मे महिन्यात त्या मातीत पहारही धड शिरत नाही आणि जुलैमध्ये चिखल पावड्याला सोडत नाही.

खड्ड्यात मिरचीपूड किंवा डांबरगोळ्या टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. मिरचीने कुत्र्याचे नाक-डोळे पोळतात आणि डांबरगोळी पोटात गेली तर विषबाधा होते. घुशींसाठी ठेवलेल्या औषधाचेही तेच, म्हणून कुत्रा असलेल्या अंगणात पिंजराच लावावा.

फाटकाखाली जाळी पुरता येत नाही. तिथे खाली मुरूम ठोकून जाड फरशी बसवावी आणि पावसाळा संपला की ती एका बाजूने खचली आहे का, हे पाहून घ्यावे.