नाकात किती शिसं घालू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. स्लो-फ्लायर, म्हणजे रिमोटवर संथ उडणारं फोमचं मॉडेल विमान, बनवणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच ओळीत येतो: "दादा, मीटरभर पंखाचं स्लो-फ्लायर बनवलंय, शेपटीकडं जड होतंय, नाकात किती शिसं घालू?" सोबत फोटो असतो. पंखावर लाल-पिवळी टेप, शेपटीवर त्याहून जास्त टेप, ग्लू गनचे गठ्ठे. एकूण वजन मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

उत्तर आधी देतो. अजून काहीच घालू नका. आधी शेपटीतून काढा.

ऊस भरलेली बैलगाडी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मागं जास्त भरली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागतं. त्यावर उपाय म्हणून कुणी पुढं दगड बांधत नाही, मागच्या मोळ्या पुढं घेतात. विमानाच्या बाबतीत मात्र भले भले थेट दगडच बांधतात.

एक उदाहरण घेऊ. पंख १००० मिलिमीटर लांब, २०० रुंद, सरळ आयताकृती. तयार वजन ३२० ग्रॅम. तोल, म्हणजे सीजी (गुरुत्वमध्य, जिथं टेकवलं की विमान आडवं तोललं जातं ती जागा), पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर हवा आणि तो सापडतोय ७५ वर. म्हणजे १५ मिलिमीटर मागं. वजन गुणिले अंतर, म्हणजे ३२० गुणिले १५, झाले ४८००. मोटर बसते ती जागा हव्या त्या सीजीपासून २०० मिलिमीटर पुढं आहे. ४८०० भागिले २००, म्हणजे नाकात २४ ग्रॅम शिसं. विमान झालं ३४४ चं. आता शेपटीकडून बघा. शेपटी सीजीपासून ५०० मिलिमीटर मागं आहे. ४८०० भागिले ५००, म्हणजे शेपटीतून दहा ग्रॅमलाही थोडं कमी काढलं तरी तोल तिथंच येतो आणि विमान ३१० चं राहतं. तोल एकच, पण वजनात ३४ ग्रॅमचा फरक. शेपटीतला एक ग्रॅम नाकाकडून अडीच ग्रॅम मागतो, म्हणून विमानावर पडतो साडेतीन ग्रॅमचा भार.

मग शेपटीत एवढं काय असतं? पहिला चोर सायकलचा स्पोक. पुशरॉडसाठी, म्हणजे शेपटीची झडपं ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या काडीसाठी, तो फुकटात मिळतो, सरळ असतो, ताठ असतो. पण २ मिलिमीटर जाडीचा अर्धा मीटर पोलाद १२ ग्रॅम भरतो. रडर (नाक डावीउजवीकडं वळवणारं उभं झडप) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं आडवं झडप) मिळून असे दोन, म्हणजे २४ ग्रॅम. त्याच लांबीची १ मिलिमीटरची पियानो वायर ३ ग्रॅम भरते, कारण जाडी निम्मी झाली की वजन चौथाईवर येतं. वायर बारीक असल्यामुळं ढकलताना वाकते हे खरं. त्यासाठी दर १२-१५ सेंटिमीटरवर बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा बोटभर तुकडा फ्युजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, चिकटवा आणि वायर त्यातून ओवा. बांबूची काडी मधे आणि दोन्ही टोकांना वायरचे छोटे तुकडे दोऱ्यानं गुंडाळून चिकटवले तरी चालतं, ते आणखी हलकं होतं. या एका बदलानं १८ ग्रॅम वाचतात. पुशरॉडचा मध्य सीजीच्या सुमारे २२० मिलिमीटर मागं धरला तर वरच्या ४८०० पैकी जवळपास ४००० इथंच फिटले.

दुसरा चोर टेप. दोन इंची पारदर्शक पॅकिंग टेप मीटरला साधारण २ ग्रॅम भरते. ऐकायला काहीच वाटत नाही. पण स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) आणि रडर दोन्ही बाजूंनी पूर्ण मढवा, बिजागरीला एक पट्टी, वर नक्षी, की तीन मीटर कधी गेले कळत नाही. शेपटीला टेप फक्त बिजागरीवर आणि पुढच्या कडेवर लावावी. ताठपणा हवा असेल तर खराट्याचा एक हीर फोममध्ये चीर पाडून बसवा, तो टेपेपेक्षा हलकाही असतो आणि वाकतही नाही. तिसरा चोर ग्लू गन. ७ मिलिमीटर जाडीची वीतभर कांडी सात-साडेसात ग्रॅमची असते, आणि शेपटी बसवताना "घट्ट बसू दे" म्हणत अर्धी कांडी सहज ओतली जाते. शेपटीला फोम चालणारा पातळ गोंद लावा, रात्रभर दाबून ठेवा. घाई असेल तर ग्लू गन नाकाकडच्या कामाला वापरा, तिथं वजन आपल्या बाजूचं असतं.

सर्व्हो, म्हणजे ही झडपं हलवणाऱ्या छोट्या मोटरा, शेपटीत बसवायचा मोह मात्र साफ सोडा. नऊ ग्रॅमचे म्हणून विकले जाणारे दोन सर्व्हो हात, स्क्रू आणि वायरीसकट २० ग्रॅमच्या आसपास जातात. ते पंखाखाली, शक्य असेल तर पुढच्या कडेच्याही पुढं हवेत.

आता एकूण वजनाकडं येऊ. तोल बरोबर आला आणि विमान जडच राहिलं, तर ते स्लो-फ्लायर राहत नाही. वरच्या उदाहरणातला पंख २० चौरस डेसिमीटरचा आहे. ३२० ग्रॅम म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर १६ ग्रॅम. १० ते २० च्या मधे असलं तर विमान खरोखर संथ उडतं. १६ वर ते साधारण ताशी १९-२० किलोमीटरला स्टॉल होतं, म्हणजे वेग कमी पडून पंखाची उचल तुटते; ४०० ग्रॅमचं झालं तर २२ ला, २४० वर आणलं तर १७ ला. आकडे जवळजवळ दिसतात, पण लँडिंगला समोरून येणारं विमान बघताना हा फरक हातापायांना कळतो.

सोलापुरात यात एक भर पडते. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहोत आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. डिसेंबरच्या सकाळपेक्षा त्या हवेची घनता आठेक टक्क्यांनी कमी असते. हिशेबानं मेमधलं ऊन म्हणजे तुमच्या विमानावर पंचवीस-तीस ग्रॅमचं न दिसणारं ओझं. थंडीत छान उडणारं मॉडेल उन्हाळ्यात "का कुणास ठाऊक बसतंय" असं वाटतं, त्याचं निम्मं कारण हे.

वजनाचा हिशेब बनवण्याआधी मांडा, बनवल्यावर नाही. मोटर २४, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) १०, सर्व्हो २०, रिसिव्हर ७, ८ इंची प्रॉपेलर ७, टू-सेल ८०० एमएएचची बॅटरी ४८. झाले ११६. फोमला १५० धरा. डेप्रॉनसारखा ५ मिलिमीटरचा फोम चौरस मीटरला १८० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे दोन थरांचा हा पंख ७२ ग्रॅम खातो. टेप, गोंद, वायर ३०, चाकं २४. आले ३२०. यातली चाकं सरळ काढता येतात. ज्वारी काढल्यानंतरच्या रानात धसकटांमध्ये ती अडकून विमान उलटण्यापलीकडं काही करत नाहीत. पोटावर उतरवा, खाली टेपेची एक पट्टी पुरे. चाकं सीजीच्या पुढं असतात, ती काढली की तोल किंचित मागं सरकतो, तेवढं बॅटरी सरकवून भरून काढा. काटा स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा पुरतो. सर्व्होचे हात आणि स्क्रू तोलायचे असतील तर मूठभर एकदम तोला आणि भागा.

सीजी नेमका कुठं? आयताकृती पंखाला पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्के. २०० च्या रुंदीला ५० ते ६६ मिलिमीटर. पहिल्या उड्डाणाला ५५ वर ठेवा, म्हणजे थोडं नाकाकडं. मग दोन-दोन मिलिमीटर मागं नेत ६०-६२ ला थांबा. पंख टोकाकडं निमुळता असेल तर मुळाच्या रुंदीवर टक्के काढू नका, चुकेल. सरासरी कॉर्ड, म्हणजे पंखाची सरासरी रुंदी, काढा: मुळाची आणि टोकाची रुंदी यांची बेरीज घ्या, त्यातून दोघांचा गुणाकार भागिले बेरीज वजा करा, आलेल्याचे दोन तृतीयांश. मूळ २२० आणि टोक १६० असेल तर उत्तर १९२ च्या आसपास येतं. हे टक्के मोजायचे ते त्या सरासरी कॉर्डच्या पुढच्या टोकापासून, आणि पुढची कड मागं झुकलेली असेल तर ते टोकही मुळाच्या टोकाच्या मागं असतं.

मोजताना विमान उडायला जसं निघतं तसंच हवं: बॅटरी, प्रॉपेलर, रबर बँड, सगळं जागेवर. पंखाच्या खालून दोन्ही बाजूंना फ्युजलाजपासून सारख्या अंतरावर पेनानं ठिपका द्या. बोटांवर तोलण्यापेक्षा लाकडी पट्टीत दोन पेन्सिली उभ्या ठोकून रबराचं टोक वर ठेवलेला स्टँड बरा, कारण बोटं नकळत विमानाला मदत करतात. पंखा बंद करा. हे हसण्यावारी नेऊ नका, सिलिंग फॅनखाली मोजलेला सीजी पाच-सात मिलिमीटर इकडंतिकडं जातो. वरच्या पंखाचं विमान सुलटं ठेवा, खालच्या पंखाचं उलटं. नाक जरासं खाली झुकून स्थिर राहिलं की झालं.

बॅटरीसाठी जागा सुरुवातीलाच लांब ठेवा. ४८ ग्रॅमची बॅटरी २० मिलिमीटर सरकवली की ३२० ग्रॅमच्या विमानाचा सीजी ३ मिलिमीटर हलतो. एवढंच हलतो. १५ मिलिमीटरची चूक बॅटरी सरकवून भरायची तर ती १०० मिलिमीटर पुढं जायला हवी, आणि तिथं बहुधा मोटर असते. म्हणून बॅटरीवर बारीक जुळवणी सोपवा, मोठी दुरुस्ती नाही.

हवेत गेल्यावर लक्षणं ओळखायला शिका. शेपटी जड असेल तर विमान एलिव्हेटरला चटकन उत्तर देतं, नाक वर-खाली नाचवतं, आणि वेग कमी होताच एक पंख टाकून खाली येतं. कारण साधं आहे: वाऱ्याच्या झुळकीनं नाक वर गेलं तर ते आपोआप खाली आणणारं पुढचं वजनच कमी पडतंय. नाक जड असेल तर सरळ उडायला एलिव्हेटर सतत वर लागतो आणि उतरताना वेग कमी झाला की तोच एलिव्हेटर पुरत नाही, विमान नाकावर बसतं. धसकटांच्या रानात म्हणजे प्रॉपेलर गेला. खात्री करायची तर उंचीवर थ्रॉटल (मोटरचा जोर) बंद करून ३०-४० अंशांत खाली झुकवा आणि स्टिक सोडा. हळूच नाक वर काढलं तर ठीक. झटक्यात वर उसळलं तर नाक जड, आणि आणखी खाली खुपसायला लागलं तर शेपटी जड. ताबडतोब ओढा.

इथंच एक फसगत होते. थ्रॉटल दिला की नाक वर उचलतं, ते बघून लोक नाकात वजन टाकतात. ही बहुतेक वेळा सीजीची नाही, मोटरच्या कोनाची गोष्ट असते. मोटर दोन-तीन अंश खाली आणि दोनेक अंश उजवीकडं वळलेली हवी. सीजीचा निकाल नेहमी थ्रॉटल बंद करून लावा. आणि मे महिन्यात दुपारी काळ्या रानात विमान उन्हात ठेवलंत तर मोटर माउंटचा ग्लू गनचा गोंद मऊ पडतो, कोन बदलतो, आणि सकाळचं विमान संध्याकाळी वेगळंच वागतं. तिथं इपॉक्सी वापरा, ते जडच असलं तरी नाकात आहे.

उन्हाचा दुसरा प्रताप पंखावर दिसतो. बंद गाडीत काचेमागं ठेवलेला फोम पिळवटतो. मग विमान एका बाजूला झुकतं आणि लोक हलक्या टोकाला नाणं चिकटवतात. आधी पंख मागून डोळ्यांच्या रेषेत धरून बघा, दोन्ही मागच्या कडा समांतर आहेत का. पीळ असेल तर उलट्या दिशेनं पिळून धरा आणि हेअर ड्रायरनं हलकी ऊब द्या. पीळ नसेल तरच डावा-उजवा तोल बघा: एका हातात मोटरचा शाफ्ट, दुसऱ्या हातात शेपटीचं टोक, कोणता पंख पडतो ते बघायचं. दोन-तीन ग्रॅम टोकाला पुरतात. नाणं लावणार असाल तर काट्यावर ठेवून लावा, एक रुपयाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या नाण्यांचं वजन सारखं नसतं.

एवढं करूनही नाक हलकं राहिलं तर शिसं घाला, त्यात लाजायचं काही नाही. टायरवाल्याकडं चाक बॅलन्सिंगचे ५ ग्रॅमचे चिकटपट्टीवाले तुकडे मिळतात. ते अगदी पुढं, मोटर माउंटच्या मागच्या भिंतीला लावा. पट्टीच्या भरवशावर सोडू नका, वरून टेप मारा. तुकडा सुटून फ्युजलाजमध्ये मागं सरकला तर हवेतच शेपटी जड होते. वजन घालण्याऐवजी मोठी बॅटरी बसवणं केव्हाही बरं: ते वजन निदान काही मिनिटं जास्त उडवतं.

उडवायला सकाळी आठच्या आत जा. ताशी २० नं चालणाऱ्या विमानाला १० चा वारासुद्धा निम्मा वेग खातो. होटगी रोडच्या विमानतळाभोवती मात्र नको. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा पिवळा आहे, परवानगीशिवाय तिथं उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. शहराचा बराच भाग यात येतो, तेव्हा रान निवडण्याआधी सरकारी नकाशा बघा.

शेवटचं काम मार्करचं. सीजी जमला की बॅटरीच्या कप्प्यात तिच्या पुढच्या कडेची रेघ ओढा आणि शेजारी बॅटरीचं वजन लिहा. ८०० च्या जागी १००० एमएएच लावली तर १२ ग्रॅम वाढतात. ते सीजीच्या १२० मिलिमीटर पुढं बसले तर तोल चारेक मिलिमीटर पुढं जातो. म्हणून मोठ्या बॅटरीसाठी वेगळी रेघ, वेगळ्या रंगानं. आणि शेपटी तुटून पुन्हा चिकटवलीत, की दोन्ही रेघा खोडून स्टँडवर नव्यानं मोजा.