घसा बसला त्या दिवशी

मी सीएनसी शॉपला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या विभागात, शिफ्ट सुपरवायझर आहे. बाहेरच्यांना वाटतं आम्ही मशीन सांभाळतो, पण निम्मी शिफ्ट "साहेब, जरा बघता का" ऐकण्यात जाते. आणि मी बघतो. बारा वर्षं "ठेव, मी बघतो" हेच चाललंय, त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

मागच्या आठवड्यात सेकंड शिफ्टला क्वालिटीने चाळीस पीस परत पाठवले. ५० एमएमचा बोअर, म्हणजे पीसमधलं गोल भोक, टॉलरन्स (चालणारा फरक) शून्य ते प्लस १६ मायक्रॉन, म्हणजे एमएमचे हजारावे भाग, आणि पीस मायनस तीन-चार. लाइनच्या शीटवर मात्र सगळे ओके. ऑपरेटर पीस घेऊन आला, नेहमीचं वाक्य. मला उत्तर तोंडपाठ, इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, घासला की बोअर लहान येतो, ऑफसेट दे, म्हणजे कंट्रोलमध्ये तेवढी दुरुस्ती टाक, आणि चालू कर. पण दोन दिवस माझा घसा बसलेला, आवाजच फुटेना, म्हणून कसंबसं एवढंच विचारलं, तुला काय वाटतं?

तो गप्प. मीही गप्प, इलाजच नव्हता. आवाज असता तर दहा सेकंदही थांबलो नसतो.

मग म्हणाला, इन्सर्ट तर शिफ्ट चालू होतानाच बदललाय. आणि आत्ताच मशीनमधून काढलेला पीस माझ्या तळहातावर ठेवला. कोमट! कूलंटचा, म्हणजे कापताना गार ठेवणाऱ्या पाण्याचा, नोझल वाकला होता, धार बोअरमध्ये जायच्या ऐवजी बाहेरच्या फेसवर पडत होती. त्याने मास्टर रिंगवर, म्हणजे अचूक मापाच्या कडीवर, बोअर गेज झीरो केला, पीस मोजला, प्लस तीन. टेबलावर ठेवून दिला. वीस मिनिटांनी तोच पीस, तोच गेज, मायनस चार. स्टीलचा ५० एमएमचा बोअर बारा अंश गार झाला की साधारण सात मायक्रॉन कमी होतो, माप २० अंशाला धरायचं असतं, हे नवीन पोरांना मीच शिकवतो. मी ऑफसेट दिला असता तर त्या दिवसापुरतं भागलं असतं आणि नोझल तसाच वाकडा राहिला असता.

कधी लक्षात आलं विचारलं तर म्हणे जेवणाच्या सुट्टीआधीच. मग सरळ का नाही केलास?

"मागे ऑफसेटला हात लावला तर तुम्ही मेमो दिलात ना साहेब. तेव्हापासून कशालाच हात लावत नाही."

आठवलं मला. त्याने दिलेला ऑफसेट बरोबर होता, फक्त मला विचारलं नव्हतं. तेव्हापासून कंट्रोलच्या लॉकची किल्ली माझ्या खिशात असते. आणि त्याच मशीनच्या मागच्या भिंतीवर एचआरने "ओनरशिप घ्या" म्हणून पोस्टर लावलंय, ते रोज बघतो आम्ही.

व्हाय-व्हाय शीट, म्हणजे चुकीचं मूळ कारण शोधायचा फॉर्म, मी त्यालाच भरायला सांगितली. टोयोटावाल्यांनी पाच वेळा "का" विचारायला शिकवलं, आमच्याकडे दुसऱ्या "का"लाच "ऑपरेटरचं दुर्लक्ष, समज दिली" लिहून क्वालिटीला खूश करतात, मीही तेच करत आलोय. याने पाचही रकाने भरले. पाचव्यात लिहिलंय, "सुपरवायझरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

शीट माझ्या सहीशिवाय पुढे जात नाही. सहा दिवस ड्रॉवरमध्ये पडलीये.