सुगार्रामुर्दीला जाऊन आलो, जाणार असाल तर हे वाचा

सप्टेंबरमध्ये पाम्प्लोनाहून भाड्याची गाडी घेऊन सुगार्रामुर्दीला गेलो होतो. स्पेनच्या नवारामधलं, फ्रान्सच्या बॉर्डरला अगदी चिकटलेलं गाव, वस्ती अडीचशेच्या आत. अंतर 80 किमीच्या आसपास आहे पण एलिसोन्दो गावानंतर ओत्सोन्दोचा घाट लागतो, आम्हाला तर तिथे चांगलंच धुकं मिळालं, त्यामुळे दीड तास धरूनच निघा. बसच्या भरवशावर राहू नका.

लोक येतात ते चेटकिणींच्या गुहेसाठी. गुहा म्हणजे अंधारं भुयार नाही हं, ओढ्याने डोंगर आरपार कोरून काढलाय, दोन्ही तोंडं उघडी, छत दहा-बारा मीटर उंच आणि आत पाण्याचा आवाज. ओढ्याचं नावच इन्फेर्नुको एरेका, म्हणजे नरकाचा ओढा. वाट ओली असते, चपला घालून जाऊ नका, ग्रिपवाले बूट हवेतच.

पण माझं ऐकाल तर आधी चेटकिणींचं म्युझियम बघा, मग गुहा. गावच्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत आहे, तिकीट गुहेपेक्षा वेगळं, आणि वेळा सीझनप्रमाणे बदलतात म्हणून आधी चेक करा. 1609 मध्ये इन्क्विझिशनचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाचा माणूस इथे चौकशीला आला आणि साध्या शेतकरी, मेंढपाळ घरातली माणसं चेटूक केल्याच्या आरोपावरून धरून लोग्रोन्यो शहरात खटल्यासाठी नेली. त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त बास्क ही इथली भाषा यायची, स्पॅनिश नाही, म्हणजे आपल्यावर काय आरोप आहे तेसुद्धा दुभाष्याच्या तोंडून कळायचं. नोव्हेंबर 1610 मध्ये 11 जणांना जाळायची शिक्षा झाली, त्यातले 5 आधीच कैदेत मेले होते तर त्यांचे पुतळे जाळले. नंतर सालासार नावाच्या इन्क्विझिटरनेच गावोगाव फिरून पुरावा शोधला आणि चेटूक झाल्याचं काहीच सापडत नाही असं कळवलं. हे वाचून गुहेत उतरलात की तिथे सेल्फी काढावासा वाटत नाही, मला तरी नाही वाटला.

आणि ज्या भाषेमुळे त्या माणसांना स्वतःची बाजू धड मांडता आली नाही तीच भाषा आज गावात रोजची आहे, दुकानात, रस्त्यावर, पोरांच्या खेळात. 1986 च्या कायद्याने नवाराच्या या भागात ती स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत झाली. म्हणून दोन-चार शब्द पाठ करूनच जा: काइशो म्हणजे हॅलो, एस्केरिक आस्को म्हणजे थँक्यू, आगुर म्हणजे येतो. आम्ही काउंटरवर एस्केरिक आस्को म्हटलं तर तिथल्या आजी एवढ्या खुश झाल्या की दारावर लावलेलं वाळलेलं सूर्यफुलासारखं फूल कशासाठी ते हातवारे करून सांगत बसल्या. त्याला एगुस्किलोरे म्हणतात, चेटकीण आत येऊ नये म्हणून लावतात, आपल्याकडे लिंबू-मिरची बांधतात तसंच.

खायला तालो मिळाला तर सोडू नका, मक्याची भाकरीच ती, घरची आठवण येते. व्हेज असाल तर चीजचा मागा, कारण तालोत बऱ्याचदा चिस्तोरा घालतात, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज.

वेळ असेल तर निळ्या घोड्याच्या खुणा बघत चालत फ्रान्समधल्या सार गावच्या गुहेपर्यंत जा. बॉर्डर कुठे गेली ते कळत नाही, पण पासपोर्ट खिशात ठेवा आणि रेनकोट बॅगेत, कारण इथला पाऊस कोकणासारखाच, न सांगता येतो.