पायलट का नाही झालीस? विचारलंत म्हणून सांगते

लग्नात, बारशाला, परवा तर कृष्णेच्या घाटावरसुद्धा: "तू पायलट होणार होतीस ना गं? मग काय झालं?" दरवेळी मी "नाही जमलं" म्हणते आणि विषय बदलते. आज नीट सांगते.

मी नापास झाले नव्हते. नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल, डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, हे पेपर सुटले होते. नेव्हिगेशन दुसऱ्या खेपेला. क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, तेही झालं होतं. चष्म्यामुळे नाकारलं, हे कुणीतरी उठवलेलं. चष्मा लावून नीट दिसत असेल तर चालतं. राहिले होते उड्डाणाचे 200 तास, आणि ते पैसे भरूनच मिळतात. संस्थेनं 45 लाख सांगितले. त्यानंतरच्या टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे, वेगळे.

17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. कंपनी बंद पडली, हजारो तास उडवलेले वैमानिक नोकरी शोधू लागले. कर्जासाठी आमची बँकेतली तारीख पुढच्याच आठवड्यात होती.

बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. एसटीत 31 वर्षं कंडक्टर होते ते. घराचं खरेदीखत साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणलेलं. साहेबांनी सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. बाबांनी एकच विचारलं, "साहेब, हप्ता कधीपासून?"

"कोर्स संपल्यावर वर्षानं. व्याज मात्र पैसे उचलल्यापासून चढणार."

बाबांनी मान हलवली आणि टेबलाच्या काचेवर बोटानं आकडे मांडायला लागले. ड्यूटीवरून आल्यावर तिकिटांचा हिशेब जुळला नाही की ते असंच करायचे, जेवणाच्या ताटाशेजारी, फरशीवर. बोट शेवटापर्यंत जायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. तीनदा केलं त्यांनी. मग पेनाचं टोपण काढलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठं करू?"

मी म्हटलं, "बाबा, आज नको."

घरासाठी स्वप्न सोडलं, असं काही जण कौतुकानं म्हणतात. ते ऐकवत नाही. बाबा सही करत होते. घाबरले मी.

2020 च्या मार्चअखेरीपासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती, तेव्हा मी घरात ठणकावून सांगितलं, माझंच बरोबर होतं. 2023 च्या जूनमध्ये इंडिगोनं एकदम 500 विमानांची ऑर्डर दिली, तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलले नाही. सोबत अभ्यास केलेली एक मैत्रीण आज एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, उडवते. तिच्या वडिलांनी रान विकलं होतं. दुसऱ्या एका मैत्रिणीकडे लायसन्स आहे, नोकरी नाही, हप्ते चालू आहेत. माझं यातलं काय झालं असतं? ज्यांना वाटतं मी हिंमत करायला हवी होती, त्यांनी आधी हे सांगावं.

मी म्हणते, तेव्हाचा निर्णय हिशेबानं घेतला. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, हिशेब केलासच कुठे? तू फक्त बाबांचं बोट बघितलंस. तिला काय उत्तर द्यायचं?

मेडिकलची मुदत कधीच संपली. पुन्हा करावं लागेल. मागच्या महिन्यात एका संस्थेला फोन करून आताची फी विचारली. आकडा वहीत लिहून ठेवलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.