फ्लॉरेन्समधले सहा आठवडे

पहिल्या रात्री घरच सापडेना. नकाशा सांगत होता की पोचलात, आणि समोर होतं चपलांचं बंद दुकान. अर्ध्या तासाने एका बाईंनी मला भिंतीवरचे आकडे दाखवले. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर दोन मोजण्या चालतात. दुकानं-खानावळींचे क्रमांक लाल, राहत्या घरांचे काळे किंवा निळे. लाल ३४ आणि निळा ३४ एकमेकांपासून बरेच लांब असू शकतात. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ हे अक्षर असेल तर तो ‘रोस्सो’, म्हणजे लाल. इथे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच सांगते.

मी कला-इतिहासाची विद्यार्थिनी. जून-जुलैमध्ये सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. सकाळी इटालियन भाषा, दुपारी प्रबोधनकाळातली कला, आणि निम्मे वर्ग थेट चर्चमध्ये उभं राहून. मुक्काम ९० दिवसांच्या आतला असेल तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. प्रवेशाच्या पत्रावरच्या तारखा नीट तपासा. माझ्या पत्रात शेवटची तारीख चुकली होती. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत दहा दिवस गेले, आणि त्या दहा दिवसांत झोप उडाली.

पहिल्या आठवड्यात मी सगळंच बघायला निघाले होते. उफिझी हे मोठं चित्रसंग्रहालय एका दिवसात संपवलं आणि संध्याकाळी बोत्तिचेल्लीच्या चित्रांशिवाय काहीच आठवेना. आमच्या शिक्षिका म्हणाल्या, “एक जागा निवड आणि तिथे पुन्हा पुन्हा जा.” मी सान मार्कोचा मठ निवडला. जिना चढून वर गेलं की समोरच फ्रा आंजेलिको या चित्रकार साधूचं भित्तिचित्र आहे, देवदूत मेरीला निरोप सांगतोय ते. पुढे साधूंच्या छोट्या खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक खिडकी आणि एक चित्र, बाकी काही नाही. ही चित्रं त्या खोलीत राहणाऱ्या साधूसाठी काढलेली, म्हणून तिथे घाईने बघणं जमतच नाही. मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी मला चित्रातल्या उजेडाची दिशा कळली.

तिकिटांचं गणित सांगते. १८ ते २५ वयाला सरकारी संग्रहालयांत २ युरोंचं तिकीट मिळतं, पण ते युरोपीय संघाच्या नागरिकांना. आपल्याला पूर्ण दर पडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र सरकारी संग्रहालयं सगळ्यांना मोफत असतात, रांग अर्थातच लांब. सोमवारी उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं बंद. कॅथेड्रलच्या, म्हणजे शहरातल्या मुख्य चर्चच्या, घुमटासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेव्हा पिशवीत एक ओढणी कायम असू द्या.

घुमट चुकवू नका. पायऱ्या ४६३ आहेत आणि लिफ्ट नाही. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० साली काम सुरू केलं आणि १४३६ साली घुमट पुरा झाला, तोही जमिनीपासून लाकडी सांगाड्याचा आधार न देता. घुमटाला दोन कवचं आहेत आणि तुम्ही त्या दोहोंच्या मधून चढता. चढताना विटांकडे बघा. आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा घातल्यात, माशाच्या काट्यासारख्या. कलत्या थरातल्या, ओल्या चुन्यावरच्या विटा घसरू नयेत म्हणून या उभ्या विटा त्यांना धरून ठेवत. वर्गात चित्रावरून मला हे समजलं नव्हतं. तिथे समजलं.

सांता क्रोचे चर्चच्या आसपास फिरताना भिंतींवर डोक्याच्या वर लावलेल्या छोट्या पाट्या दिसतील. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. शेजारच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं चिखलात गेली, आणि ती बाहेर काढायला देशोदेशींची तरुण मुलं आली. गावाने त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटलं. आमच्याच वयाची मुलं ती. त्या पाटीखाली मी बराच वेळ उभी होते.

खाण्याचं थोडक्यात. इथल्या पावात मीठ नसतं, आठवड्याभरात सवय होते. शिळा पाव, टोमॅटो, काकडी, कांदा आणि बेसिलची पांझानेल्ला उन्हाळ्यात रोज चालते. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजानो चीजमध्ये दूध घट्ट करायला वापरलेलं प्राण्यांचं रेनेट असतं हे लक्षात ठेवा. कॉफी उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो. भाड्याच्या खोलीत पंखा आहे का, ते आधी विचारा. जुलैची दुपार फार तापते आणि डासही असतात.

शेवटच्या रविवारी मी काशिनेच्या बागेत गेले. ही बाग नदीकाठाने साडेतीन किलोमीटर पसरली आहे आणि तिच्या पश्चिमेच्या टोकाला कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं स्मारक आहे. शिवरायांचे पुत्र ते नव्हेत, नंतरचे. इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना १८७० साली, अवघ्या विसाव्या वर्षी, ते या शहरात वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ साली तिथे छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा उभारला. पलीकडच्या मोठ्या पुलाचं नावही त्यांच्यावरून पडलंय, ‘भारतीयाचा पूल’. सहा आठवडे परक्या भाषेत घालवल्यावर त्या चेहऱ्यावरचा फेटा पाहून माझे डोळे भरून आले.

ट्राम बागेच्या पूर्वेच्या टोकाशी सोडते, पुढे चालायचं. पाणी बरोबर घ्या, आणि अंधार पडायच्या आत निघा. बागेचं ते टोक फार एकाकी आहे.